गाडी बघण्याआधी हिशेबाची वही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चालक मिळत नसल्यानं मालट्रक उभे राहत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. गाडीमालकांची बाजू तुम्ही सविस्तर छापली आणि ती खोटी नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चालकांच्या ट्रिपांचे हिशेब लिहिण्यात माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. शेवटच्या काही वर्षांत माणूस नाही म्हणून उभ्या राहिलेल्या गाड्या मी खिडकीतून रोज बघत होते. पण त्या बातमीत एक माणूस कुठंच दिसला नाही. नुकतंच हेवी लायसन काढलेला आणि कुणाच्या दारात कामाला जावं हे न कळणारा पोरगा. त्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

निमित्त घरचंच आहे. माझ्या धाकट्या दिराच्या मुलाला यंदा लायसन मिळालं आणि लगेच तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. गावातल्याच एका मालकाच्या पाच-सहा गाड्या साखर कारखान्यांवर चालतात. तो अठरा हजार आणि वर भत्ता म्हणाला. कळंबोलीची एक मोठी कंपनी न्हावाशेवा बंदरातून कंटेनर उचलते. तिचा सुपरवायझर फोनवर पंचवीस हजार बोलला. तिसरा खडीच्या डंपरवाला, खेपेवर पैसे देणारा. तो तर पहिल्याच भेटीत पन्नास हजारांची उचल द्यायला तयार होता. पोरगं माझ्याकडं आलं आणि म्हणालं, "काकी, पंचवीसवाल्याकडं जातो. आकडा तर तिथंच मोठा हाय."

तो आकडा काहीच सांगत नाही, हे त्याला समजावून द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. चालकाच्या हातात महिनाअखेरीला काय पडतं ते तोंडी पगारावर ठरत नाही. ट्रिपच्या हिशेबात काय-काय कापलं जातं त्यावर ठरतं. आणि ही कापाकापी नव्या माणसाला कुणी आधी सांगत नाही.

डिझेलचंच बघा. बहुतेक ऑफिसं गाडीला ॲव्हरेज ठरवून देतात. समजा बारा चाकी गाडीला लिटरमागं चार किलोमीटर ठरवलेत. कोल्हापूर ते न्हावाशेवा जाऊन-येऊन सव्वासातशेच्या आसपास अंतर होतं. आपण ७२० धरू. चारच्या हिशेबानं १८० लिटर. गाडीनं प्रत्यक्षात ३.६ दिलं तर लागतात २०० लिटर. हे वरचे वीस लिटर कुणाचे? नव्वद रुपयांच्या आसपासचा भाव धरला तर एका ट्रिपला अठराशे रुपये चालकाच्या नावावर पडतात, आणि महिन्याला अशा चार-पाच ट्रिपा झाल्या की पंचवीस हजारांचे सोळा-सतरा कधी झाले ते त्याला समजतसुद्धा नाही. खंबाटकीत दोन तास गाडी अडकली, इंजिन जुनं आहे, परतीला भरून आली की रिकामी, यातलं काहीही त्या चारच्या आकड्यात धरलेलं नसतं. म्हणून मी त्याला सांगितलं, पगार किती हे विचारून झालं की लगेच विचारायचं: भरलेल्या गाडीला ॲव्हरेज किती आणि रिकामीला किती धरता? नव्या आणि जुन्या गाडीला एकच आकडा आहे का? डिझेल वाचलं तर त्याचे पैसे मला मिळतात का, की फक्त जास्त गेलं तरच कापता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो मालक सरळ देतो, त्याच्याशी पुढं बोलायला हरकत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगली गोष्ट आहे. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये काय होतं हे मी चालकांच्या अंगावर उठलेल्या घामोळ्यांवरून ओळखायची. पण एसी डिझेल खातो. गाडी एसीची आणि ॲव्हरेज बिनएसीच्या गाडीचं, असं असेल तर तो एसी बंदच राहणार. हेही विचारून घ्यावं.

मग वाराई. गाडी भरताना-उतरताना हमालांना द्यायचे पैसे बऱ्याच ठिकाणी चालकाच्या खिशातून रोख जातात आणि पावती मिळत नाही. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही गाडीमालकांच्या संघटनांची कित्येक वर्षांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. पण ती मान्य होईपर्यंत मधल्या मधे चालक भरडला जातो. ऑफिस म्हणतं, पावती नाही तर पैसे नाहीत. हमाल म्हणतात, पैसे नाहीत तर गाडी खाली होत नाही. कंपनीनं कुठल्या गोडाऊनला किती वाराई मान्य आहे याची यादी केलेली आहे का, हे विचारायचं. यादी असेल तर त्या ऑफिसात कुणीतरी चालकाचा विचार करून बसलेलं आहे असं समजावं.

घटीबद्दल, म्हणजे पोचवताना कमी भरलेल्या मालाबद्दल, थोडं सांगते, कारण नवी पोरं इथंच सापडतात. साखरेची पोती पन्नास किलोची. कारखान्यावर पोती मोजताना चालक गाडीखाली झोपलेला असतो, कारण रात्रभर गाडी भरायच्या नंबरात होता. उठून माल मिळाल्याच्या पोचेवर सही करतो. उतरताना चार पोती कमी निघाली की बिल त्याच्यावर. फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग असले तर नगांचीही तीच गोष्ट. कंटेनरला सील असतं, म्हणून तिथं मोजायचं नसतं, पण सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का ते डोळ्यांनी बघून, शक्य असेल तर फोटो काढूनच सही करायची. कंपनीनं मालाचा विमा उतरवला आहे का आणि घट आली तर ती विम्यातून भरते की पगारातून, हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस चिडला, तर तेच उत्तर समजावं.

दंडाची गोष्ट त्याहून गंभीर आहे. ई-चलन गाडीच्या नंबरावर निघतं, मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो, आणि कधीकधी इतक्या उशिरा लक्षात येतं की तोवर त्या गाडीवर दुसराच चालक असतो. कापलं जातं त्या नव्याच्या हिशेबातून. चलनावर तारीख आणि वेळ छापलेली असते. त्या वेळी गाडीवर कोण होतं हे ज्या ऑफिसात लिहून ठेवलेलं असतं, तिथं हा अन्याय होत नाही. ओव्हरलोडचा दंड तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागं दोन हजार असा झाला. दहा चाकी गाडीला स्वतःच्या वजनासकट एकूण २८.५ टनांची मर्यादा आहे. २०१८ मध्ये ती २५ वरून वाढवली. गाडीत किती भरायचं हे चालक ठरवत नाही, तो स्टेअरिंगवर असतो एवढंच. म्हणून काटापट्टी, म्हणजे वजनकाट्याची पावती, हातात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि ओव्हरलोडचा दंड मालक भरेल हे आधी कबूल करून घ्यायचं. डंपरवाल्याला पोरानं हे विचारलं. "काटा कुठं करत बसायचा, दहा मिनिटांचं तर अंतर हाय," असं उत्तर आलं. पन्नास हजारांची उचल मोठी वाटते, पण आमच्या भागात ऊसतोडीची उचल घेतलेली माणसं सगळ्यांनी बघितली आहेत. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, आणि मालक सांगेल तेवढं भरून गाडी न्यावी लागते. त्या दारात पुन्हा जायचं नाही, असं मी त्याला निक्षून सांगितलं. तसंच मूळ लायसन किंवा आधार कुणी ठेवून घेत असेल तर तिथंही थांबायचं नाही. डिजिलॉकरमधलं लायसन पोलिसांना आणि आरटीओला चालतं, तेव्हा कंपनीला बघायचं असेल तर तेच दाखवावं.

आता वेळेविषयी. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं चालकाला दिवसाला आठ तासांचं काम ठरवून दिलं होतं, सलग पाच तास चालवल्यावर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला. आठ तासांचं तत्त्व तिथंही आहे. रस्त्यावर हे पाळलं जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण कंपनी किती पळवते हे ओळखायची एक खूण मी ऑफिसात बसून शिकले. ई-वे बिल म्हणजे मालाबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. म्हणजे कोल्हापूरहून चाकणला निघालेल्या मालाला कायद्यानं दोन दिवस दिलेले असतात. तरी ऑफिसातून फोन जातो: "बिल संपतंय, पळव." मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि संपल्यानंतर आठ तास, एवढ्या वेळात ट्रान्सपोर्टर ती मुदत संगणकावरून वाढवून घेऊ शकतो. मी स्वतः ते काम करत आले आहे, चहा थंड होण्याआधी होतं. तेव्हा बिलाच्या मुदतीची भीती घालून जे ऑफिस चालकाला झोपू देत नाही, ते आपलं काम त्याच्या जिवावर ढकलत असतं. जुन्या चालकांना हे विचारता येतं: मुदत वाढवून देतात का, की पळायला सांगतात?

जुन्या चालकांना भेटायचं म्हणजे ऑफिसात नव्हे. कंपनीच्या गाड्या जिथं रात्री उभ्या राहतात तिथं जायचं. कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर, चाकणच्या कंपन्यांच्या गेटसमोर, हायवेच्या ढाब्यावर. त्यांना विचारायचं: हिशेब ट्रिपला मिटतो की महिन्याला, मिटल्यावर सहीचा कागद देतात का, गाडी बंद पडली तर रात्री दोनला फोन कोण उचलतं, आणि तिथं दोन वर्षांहून जास्त टिकलेली माणसं किती. मालकाच्या तोंडून जे दहा भेटींत कळणार नाही ते एका चहावर कळतं. गाडीचा नंबर घेऊन एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट यांच्या तारखा दिसतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तारीख उलटलेली गाडी जो नव्या चालकाच्या हाती देतो त्याच्याकडं बाकी काही बघायची गरजच नाही. पुढच्या टायरांवर हात फिरवून बघावा, ते मी सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ते वेगळंच आहे. पूर्वी पोरगं आधी क्लीनर म्हणून गाडीवर चढायचं. वस्तादाच्या शेजारी बसून, ताडपत्री ओढून, रस्सा आवळून, रात्री टायर ठोकून बघत चार-पाच वर्षांनी स्टेअरिंगला हात लावायचं. घाटात कुठं गिअर पाडायचा, उतारावर गाडी न्यूट्रल का करायची नाही, ब्रेक तापल्याचा वास कसा येतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नसायचं, बघून आलेलं असायचं. आता गाडीवर क्लीनर परवडत नाही. नॅशनल परमिटच्या गाडीला दोन चालक हवेत ही अटसुद्धा २०१८ च्या नोव्हेंबरात गेली. हेवी लायसनसाठी वय वीस पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर जुनं, आणि आठवी पासची अट २०१९ मध्ये काढलेली. कागदावर पोरगं तयार होतं. पण ट्रॅकवर रिकामी गाडी फिरवणं आणि पंचवीस टन घेऊन बोरघाट उतरणं यांत फार अंतर आहे. कळंबोलीच्या सुपरवायझरला आमच्या पोरानं विचारलं, "सुरुवातीला कुणाबरोबर बसवणार?" तो म्हणाला, "लायसन आहे ना? मग सोमवारी चावी घे."

मोठी कंपनी म्हणून ती वाईट, असं मी म्हणत नाही. मोठ्या ठिकाणी पीएफ असतो, नेमणूकपत्र असतं, गाड्या नव्या असतात. वीस माणसं असली की पीएफ आणि दहा असली की ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू होतं. ईएसआयला पगाराची मर्यादा एकवीस हजारांची आहे. छोट्या मालकाकडं यातलं सहसा काही नसतं. पण पाच-सहा गाड्यांचा मालक पुष्कळदा स्वतः गाडी चालवून मालक झालेला असतो, आणि घाटात गाडी किती डिझेल खाते हे त्याला सांगावं लागत नाही. तो हिशेब त्याच दिवशी मिटवतो, कारण त्याला दुसऱ्या दिवशी गाडी भरायची असते.

नेमणूकपत्राचं मात्र कुठंही सोडायचं नाही, मालक छोटा असो की मोठा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेनं ते बंधनकारकच केलं आहे. हे मी का सांगते ते लिहिते. बाहेरच्या एका मालकाची गाडी आमच्या ऑफिसातून भाडं उचलायची. तिच्यावरचा चालक अपघातात गेला. भरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा मालकानं सांगितलं, हा माझा नोकरच नव्हता, त्या दिवशी बदलीवर आला होता. त्याच्या बायकोकडं एक कागद नव्हता. ना नेमणूकपत्र, ना पगाराची चिठ्ठी, ना बँकेत जमा झालेला रुपया. सगळा व्यवहार रोखीचा. ती आमच्या ऑफिसात येऊन नुसती बसून राहिली. मग जुनी व्हाउचरं काढली. वर्षभराहून जास्त काळ, प्रत्येक ट्रिपच्या खर्चाच्या रकमेपुढं त्या गाडीचा नंबर आणि त्याची सही होती. वळणदार, मोठी सही करायचा तो. त्या व्हाउचरांच्या नकलांवर तो त्या गाडीचा कायमचा चालक होता हे सिद्ध झालं. १९२३ पासून कामावरच्या माणसाला भरपाईचा कायदा आहे, पण तो कामावर होता हे दाखवायला कागद लागतो. म्हणून हिशेबाच्या प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा आणि तो घरच्यांनाही पाठवून ठेवायचा. गाडीच्या विम्यात पगारी चालकाचा समावेश केलेला आहे का हेही पॉलिसीत वाचून घ्यायचं. त्यासाठीचा जादा हप्ता अगदी थोडा असतो, आणि तो न भरणारे मालक आहेत.

अपघात झाल्यावर काय, हाही प्रश्न पोरं विचारत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या त्या याच भीतीपोटी. जीवघेणा अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं भारतीय न्याय संहितेतलं ते पोटकलम सरकारनं अजून लागू केलेलं नाही. पण जमाव आणि पोलीस ठाणं आजही चालकाला एकट्यालाच तोंड द्यावं लागतं. अशा वेळी कंपनीचा कोण माणूस येतो, जामिनाचं कोण बघतं, ते नावानिशी विचारून ठेवावं.

शेवटी पोरगं गावातल्याच मालकाकडं गेलं. पगार कमी आहे. पण मालकानं कबूल केलं की साखरेचा हंगाम संपेपर्यंत त्याच्या जुन्या चालकाशेजारी बसायचं, रिकामी गाडी तेवढी हातात घ्यायची, आणि या काळातही निम्मा भत्ता मिळेल. भरलेल्या-रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज, वाराई, दंड, घट आणि सुट्टी, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मालक आधी थोडा नाखूष होता. "घरच्या माणसात कागद कशाला" म्हणाला. मग त्यानंच त्याची झेरॉक्स काढून बाकीच्या चालकांनाही दिली. पीएफ तिथं नाही, ही उणीव आहे, आणि वर्ष-दोन वर्षांनी हात बसला की त्यानं पीएफ देणारी कंपनी बघावी असं माझं मत आहे.

संपादक साहेब, आपल्याकडं रोज छोट्या जाहिरातींत 'ड्रायव्हर पाहिजे, आकर्षक पगार' असं छापून येतं. त्या ओळीत फक्त फोन नंबर असतो. जाहिरात घेणाऱ्या तुमच्या माणसांनी मालकाला चार गोष्टी विचारून त्या छापाव्यात अशी माझी विनंती आहे: पक्का पगार किती आणि भत्ता किती, डिझेलचं ॲव्हरेज कोणत्या गाडीला किती, पीएफ-ईएसआय आहे की नाही, आणि नव्या चालकाला सुरुवातीला कुणाबरोबर बसवणार. जागा जास्त लागेल, पैसेही थोडे जास्त पडतील. ज्या मालकांच्या गाड्या चालकांअभावी उभ्या आहेत, त्यांनी ते भरायला हरकत नसावी. गाडीमालकांच्या संघटनांनी हाच मजकूर एका पानावर छापून सभासदांना दिला तर त्याचा नमुना करून द्यायला मी तयार आहे. माझा पत्ता आपल्याकडं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस
शिरोली, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)